पीएचडीनंतरची उमेदवारी

मुंबईत अपंगांच्या पुनर्वसनाची घडी बसली ती स्वातंत्र्यानंतरच्या वीसेक वर्षांत. 1947 मध्ये फातिमा इस्माईल यांनी पोलिओ झालेल्या मुलांसाठी संस्था काढली. 1950 मध्ये कमला निंबकरांनी केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराची, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीची, देशातली पहिली शाळा उभी केली. 1955 मध्ये हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आली. नेमक्या त्याच वर्षी बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेत चिकित्सा मानसशास्त्राची पदविका सुरू झाली. शरीराच्या पुनर्वसनाची संस्था एका शहरात आणि मनाचे उपचार शिकवणारी दुसऱ्या शहरात, तीही मनोरुग्णालयाच्या आवारात, अशी ही वाटणी झाली. हात गमावलेल्या माणसाच्या मनाचं काम करणारा, म्हणजे पुनर्वसन मानसशास्त्रज्ञ, या दोहोंच्या मधल्या फटीत पडला. मुंबईत त्याच्यासाठी डॉक्टरेटनंतरची रुग्णालयीन उमेदवारी रुजली नाही, त्याचं कारण पैशाच्या टंचाईइतकंच या वाटणीत शोधावं लागतं.

ही फट सर्वांत रुंद झाली ती उपनगरांत. विक्रोळी, भांडुप, मुलुंडपर्यंतच्या आग्रा रोडवर, म्हणजे आजच्या लालबहादूर शास्त्री मार्गाच्या पट्ट्यात, आणि अंधेरीच्या एमआयडीसीत कारखाने वाढले, तशी प्रेसखाली सापडलेली बोटंही वाढली. कामगारांसाठी मुलुंड, अंधेरी, कांदिवलीला राज्य विमा योजनेची रुग्णालयं झाली. जखमी कामगाराचा हिशेब कसा होई, हे कायद्याच्या कोष्टकात पाहावं. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याला जोडलेल्या आणि पुढे दुरुस्त झालेल्या त्या यादीत अंगठा गेला तर कमाईची क्षमता 30 टक्क्यांनी घटली असं धरलं जाई, पूर्ण तर्जनी गेली तर 14, मधलं बोट 12, अनामिका किंवा करंगळी 7. एक डोळा गेला आणि दुसरा धड असला तर 40. भरपाई ठरवायला असं काही कोष्टक लागणारच, त्याबद्दल तक्रार नाही. पण रात्री दचकून उठणारा, पुन्हा मशीनसमोर उभं राहायला न धजणारा कामगार या यादीत कुठेच बसत नसे. ज्याचा टक्का निघत नाही त्यासाठी पदही निघत नाही, आणि पदच नसेल तर उमेदवार कुणाच्या हाताखाली शिकणार?

मानसशास्त्रज्ञाला या क्षेत्रात दार उघडलं ते वेगळ्याच बाजूने. 1968 मध्ये केंद्रीय श्रम खात्याने मुंबईत अपंगांसाठी व्यावसायिक पुनर्वसन केंद्र सुरू केलं. तिथे त्याचं मुख्य काम होतं कल आणि क्षमता मोजण्याचं: हा माणूस शिवणकामाला जाईल की जुळणीच्या कामाला? हे काम उपयोगाचं होतं, पण त्यामुळे तो परीक्षक ठरला. उपचार करणारा म्हणून त्याची ओळख झाली नाही. 1992 च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याने पुनर्वसन व्यावसायिकांची व्याख्या केली, तीत चिकित्सा मानसशास्त्रज्ञ होता. पुनर्वसन मानसशास्त्रज्ञाची वेगळी नोंद मागाहून आली. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यातही चिकित्सा मानसशास्त्रज्ञाचीच व्याख्या आहे.

मानसशास्त्रज्ञासाठी रुग्णालयात अशी उमेदवारी हवी, या म्हणण्यावर पहिला आक्षेप असा की हे काम समाजकार्यकर्त्यांनी केलंच आहे. खरं आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेचं बालमार्गदर्शन केंद्र 1937 चं, संस्था नागपाड्याला होती तेव्हाचं. 1954 मध्ये संस्था देवनारला आली आणि तिचे विद्यार्थी रुग्णालयांच्या वॉर्डांत वावरत राहिले. पण हा दाखला माझ्याच बाजूचा आहे. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात क्षेत्रकार्य पहिल्यापासून सक्तीचं होतं, म्हणून त्यांचा माणूस वॉर्डात पोहोचला. शिवाय काही कामं त्यांच्या आवाक्याबाहेरची असतात. लोकलमधून पडलेल्या तरुणाचा गुडघ्याखाली पाय कापला गेला आहे. कृत्रिम पाय कसा बांधायचा हे थेरपिस्ट रोज शिकवते, आणि तो दुसऱ्या दिवशी कोराच. त्याचं मन उडालं आहे, की डोक्याला लागलेल्या मारामुळे शिकवलेलं टिकत नाही? दोन्हींचे उपाय वेगळे, आणि निदान चुकलं तर महिने वाया. हा भेद ओळखायला पुस्तक पुरत नाही. असे बरेच रुग्ण जाणत्याच्या नजरेखाली हाताळावे लागतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पीएचडीनंतर आणखी दोन वर्षं शिकणं ही अमेरिकेची चैन, इथे आधी एम.फिल. झालेले तरी पुरेसे आहेत का? पण अमेरिकेतही ही व्यवस्था चैनीतून आली नाही. दुसऱ्या महायुद्धातले जखमी सैनिक परतल्यावर 1946 मध्ये तिथल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी मानसशास्त्राच्या उमेदवारांना पगारी जागा दिल्या. पुनर्वसन मानसशास्त्रातल्या डॉक्टरेटोत्तर प्रशिक्षणाचे निकष बाल्टिमोरच्या परिषदेत चर्चेला आले ते 2011 मध्ये. आधी जागा, मग नियम. आपल्याकडे क्रम उलटा लागला: नोंदणी आली, अभ्यासक्रम आले, रुग्णालयातली जागा राहिली. आपली मानसशास्त्रातली पीएचडी मुळात संशोधनाची, रुग्ण न पाहताही ती मिळू शकते. त्यामुळे तिच्यानंतरची उमेदवारी इथे तिथल्यापेक्षा जास्त गरजेची ठरते. आता तर प्रत्यक्ष रुग्ण पाहायला लावणाऱ्या एम.फिल.चाही आधार गेला आहे. 2022 च्या नियमांनी विद्यापीठ अनुदान आयोगाने ती पदवी बंद केली, आणि पुढे 2025-26 पर्यंत मुदतवाढ दिली ती चिकित्सा मानसशास्त्र आणि मनोविकार समाजकार्य या दोनच विषयांना.

घरचे लोक सांभाळून घेतात, हा तिसरा आक्षेप. दहा बाय बाराच्या खोलीत सांभाळणाऱ्यालाच आधार लागतो, एवढं त्यावर पुरे. खरा प्रश्न जागेचा आहे. महापालिकेची केईएम, नायर, सायन ही जुनी शिकवणारी रुग्णालयं शहराच्या बेटावर राहिली. घाटकोपरचं राजावाडी, बोरिवलीचं भगवती, मुलुंडचं अगरवाल यांची ओळख परिघावरची रुग्णालयं अशी झाली: इथे टाके घालायचे आणि अवघड रुग्ण पुढे पाठवायचा. रूळ ओलांडताना जखमी झालेला माणूस सायनहून शस्त्रक्रिया करून घेऊन पुन्हा घाटकोपर-भांडुपच्या चाळीत येतो आणि पुनर्वसनाची वर्षं तिथेच काढतो. उमेदवाराची पगारी जागा राजावाडीत आणि मुलुंडच्या विमा रुग्णालयात हवी ती यासाठी. देखरेख करणारे जाणते सुरुवातीला हाजी अलीहून आणि देवनारहून आठवड्यातून दोनदा आले तरी चालेल.