वयोविषमता : वर्धा जिल्हा

वयोविषमता म्हणजे वयामुळे किंवा जन्मसालामुळे मालमत्ता, मजुरी, अधिकार आणि मान यांच्या वाट्यात पडणारे अंतर. जात, वर्ग आणि लिंग यांच्या मानाने समाजशास्त्राने या विषयाकडे उशिराच पाहिले. आजचा पोरगा उद्या कारभारी होणारच, मग अन्याय कसला, असा एक समज त्यामागे होता. मटिल्डा व्हाइट रायली यांनी 1970च्या सुमारास वयस्तरणाचा सिद्धान्त मांडला. समाज वयाच्या पायऱ्या रचतो आणि प्रत्येक पायरीवरची कामे, हक्क व मोबदला आधीच ठरवून ठेवतो, असे त्यांचे म्हणणे. वर्धा जिल्ह्यात या पायऱ्या बहुधा कागदावर दिसतात.

पहिला कागद सातबाऱ्याचा. बाप सत्तरीचा आणि शेत त्याच्या नावे. डवरणी, फवारणी आणि कापूस बाजारात नेणे चाळिशीच्या मुलाकडे. पीककर्जासाठी बँक नाव बघते, घाम बघत नाही. 2019मध्ये सुरू झालेल्या पीएम-किसान योजनेच्या मूळ नियमांनुसार त्या वर्षीच्या 1 फेब्रुवारीला ज्याच्या नावावर जमीन होती तोच वर्षाच्या 6,000 रुपयांना पात्र. त्यानंतर जमीन नावावर आली असेल, तर ती खातेदाराच्या मृत्यूमुळे वारसाने आलेली हवी. बापाने हयातीत हिस्सा करून दिला तर मुलगा बाद, बाप गेल्यावर फेरफार झाला तर पात्र! समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेला तेव्हा मोबदलाही खातेदाराच्याच नावे निघाला. ज्याच्या नावावर ना शेत ना नोकरी, त्याची सोयरीक जुळणे किती कठीण झाले आहे, हे विदर्भातल्या कोणत्याही गावात ऐकायला मिळते.

डोनाल्ड काउगिल आणि लोवेल होम्स यांनी 1972मध्ये मांडलेला आधुनिकीकरणाचा सिद्धान्त इथे अर्धाच लागू पडतो. शिक्षण, शहरे आणि यंत्रे वाढली की म्हाताऱ्यांची पत घसरते, असे ते सांगतात. कोणते बियाणे लावायचे हे आता बापाला विचारले जात नाही, हे खरे. पण जमिनीची किंमत वाढली तशी सहीची किंमतही वाढली. हिस्से होईपर्यंत बुढ्याचा शब्द चालतो. झाल्यावर तो कोणाच्या चुलीवर जेवणार याचीही वाटणी होते. त्याच्या बायकोच्या नावावर बहुतेकदा काहीच नसते, त्यामुळे तिला गमावण्याइतकीही सत्ता मिळालेली नसते.

इलेन कमिंग आणि विल्यम हेन्री यांचा 1961चा निवृत्तीचा सिद्धान्त सांगतो, की वय झाले की माणूस आणि समाज परस्परांच्या संमतीने एकमेकांपासून दूर होतात. त्याच वर्षी पासष्टीतले विनोबा भावे भूदानासाठी पायी देश फिरत होते; वर्ध्याजवळच्या पवनारहून ते निघाले होते 1951मध्ये. गांधीजी शेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहायला आले तेव्हा 66 वर्षांचे होते. अर्थात या थोरांच्या उदाहरणांवर फार विसंबू नये. त्यांच्या मागे आश्रम होता. कापूस वेचणाऱ्या बाईला निवृत्तीचे वय नसते, आणि तिची मजुरी किलोवर ठरते. संध्याकाळी काट्यावर गाठोडे चढते तेव्हा तिचे वय कोणी विचारत नाही. साठीतली बाई विशीतल्या सुनेपेक्षा कमी वेचते आणि कमी कमावते. दर सगळ्यांना सारखा, तरीही वयाची कपात आपोआप झालेली.

पीटर टाउनसेंड यांनी 1981मध्ये ब्रिटनसंदर्भात म्हटले, की वृद्धांचे परावलंबन निसर्ग घडवत नाही; निवृत्तीचे वय, तुटपुंजी पेन्शन आणि संस्थांचे नियम ते घडवतात. श्रावणबाळ योजनेला हे चांगले लागू पडते. 65 वर्षांवरील निराधारांना मिळणारी मदत 2023मध्ये महिना 1,500 रुपये झाली. पात्रतेसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न मात्र 21,000च्या आत हवे, म्हणजे महिन्याला 1,750. ज्या उत्पन्नातला एक रुपयाही म्हातारीच्या हाती येत नाही, त्यावरून तिची गरज मोजली जाते. शिवाय दर वर्षी हयातीचा दाखला. जन्मभर निंदण केलेल्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, यंत्रावर अंगठा उमटत नाही, आणि जिवंत बाई खिडकीसमोर ताटकळते.

कार्ल मानहाइम यांच्या 1928च्या ‘पिढ्यांचा प्रश्न’ या निबंधातला मुद्दा निराळा आहे: वय किती यापेक्षा इतिहासाच्या कोणत्या वळणावर माणूस तरुण झाला, हे महत्त्वाचे. जिल्हा परिषदेच्या शाळेत एकाच वर्गाला शिकवणारे दोन गुरुजी घ्या. 1 नोव्हेंबर 2005पासून रुजू होणाऱ्यांना राज्य सरकारने अंशदायी पेन्शन लागू केली. त्याआधीच्यांना जुनी, ठरलेल्या रकमेची. मार्च 2023च्या संपाचे मूळ या तारखेत होते. त्याखालोखाल शिक्षणसेवक, तीन वर्षे मानधनावर; प्राथमिकला 2023मध्ये ते 6,000वरून 16,000 झाले. धाकट्या गुरुजींचे वय वाढेल, पण जुनी पेन्शन त्यामुळे मिळणार नाही. पाळी प्रत्येकाची येते, हा समज इथे उघडा पडतो.

मुलांच्या बाबतीतली एक रेघ वर्ध्यातच ठळक झाली. ऑक्टोबर 1937मध्ये इथे भरलेल्या शिक्षण परिषदेनंतर झाकिर हुसेन समितीने 7 ते 14 वयासाठी मोफत, सक्तीचे आणि हस्तोद्योगावर आधारलेले शिक्षण सुचवले. संविधानाच्या 45व्या अनुच्छेदातही चौदाचाच आकडा होता, 2009च्या शिक्षणहक्क कायद्यात 6 ते 14. बालमजुरी कायद्याच्या 2016च्या दुरुस्तीने याच वयाखालच्या मुलांना कामावर ठेवण्यास बंदी घातली, पण शाळा सुटल्यावर किंवा सुटीत घरच्या कामात मदत करण्यास मोकळीक ठेवली. त्यामुळे दिवाळीच्या सुटीत बारा वर्षांची मुलगी शेजाऱ्याच्या वावरात मजुरीने कापूस वेचत असेल तर गुन्हा. बांध ओलांडून बापाच्या वावरात वेचू लागली, की ती मदत ठरते आणि मजुरीचा प्रश्नच उरत नाही.