टिपेश्वरचा वाघ आणि जीडीपीतला रकाना

गेल्या दिवाळीत गावी गेलो होतो. गावी म्हणजे पांढरकवड्याला. तालुका केळापूर, पण तहसील कचेरी पांढरकवड्यात. पुण्यातल्या मित्रांना हे समजावून सांगता सांगता मी थकलो. आता सरळ "नागपूर-हैदराबाद हायवे, तेलंगणाच्या थोडं अलीकडे" एवढंच सांगतो.

तर आत्याकडे फराळाला गेलो. आतेभाऊ माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. जंगलाला लागून पाच एकर कापूस. चिवडा खाता खाता तो म्हणाला, "टिपेश्वरच्या सफारीसाठी सेकंडहँड जिप्सी घ्याव म्हणतो. कर्ज काढा लागन. तू तं कम्प्युटरवाला, सांग बरं, या वाघापायी आपल्या तालुक्यात सालाचे किती पैसे येते?"

मी मोठ्या आत्मविश्वासाने लॅपटॉप उघडला. दहा मिनिटात आकडा काढतो म्हटलं. तीन वीकेंड झाले, अजून काढतोय. पण शोधता शोधता एक भन्नाट इतिहास हाती लागला, तो आज तुम्हाला सांगतो.

सुरुवात करावी लागते दादाभाई नौरोजींपासून. इंग्रजांच्या राज्यात देश श्रीमंत होतोय की गरीब, यावर नुसती भाषणं चालायची. दादाभाईंनी बसून हिशेब केला आणि 1867-68 साठी आकडा काढला, माणशी वर्षाला 20 रुपये. त्या आकड्यात त्रुटी असतील, पण वाद घालायला पहिल्यांदाच काहीतरी ठोस मिळालं. न मोजलेली गरिबी नाकारणं सोपं असतं, हा धडा तेव्हाचा.

स्वातंत्र्यानंतर 1949 मध्ये सरकारने राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली. अध्यक्ष प्रशांतचंद्र महालनोबिस, सदस्य व्ही. के. आर. व्ही. राव आणि आपले धनंजयराव गाडगीळ, पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे. मदतीला परदेशातून आले सायमन कुझनेट्स आणि रिचर्ड स्टोन. पुढे दोघांनाही नोबेल मिळालं. यातल्या स्टोनसाहेबांचं नाव लक्षात ठेवा, कारण जगभरचे देश आज जीडीपी ज्या पद्धतीने मोजतात तिचा पाया घालणाऱ्यांत त्यांचं नाव पहिलं येतं. संयुक्त राष्ट्रांनी ती पद्धत 1953 मध्ये छापली, मग 1968, 1993 आणि 2008 मध्ये मोठ्या सुधारणा केल्या.

आता गंमत बघा. या पद्धतीत अर्थव्यवस्था उद्योगांमध्ये वाटलेली असते. शेती, खाणी, कापड, वाहतूक, हॉटेलं, बँका. प्रत्येकाला कोड नंबर. पण या यादीत 'पर्यटन' नावाचा उद्योगच नाही! का नाही? कारण बाकीचे उद्योग काय बनवतात त्यावरून ओळखले जातात आणि पर्यटन मात्र कोण विकत घेतो त्यावरून ओळखलं जातं. आमच्या हायवेवरच्या टपरीवर तर्री-पोहे खाणारा एक जण शेजारच्या दुकानातला, दुसरा हैदराबादहून वाघ बघायला आलेला. पोहे तेच, प्लेट तीच, भाव तोच (बहुतेक!). पहिल्याचे पैसे पर्यटन नाहीत, दुसऱ्याचे आहेत. टपरीवाल्याच्या गल्ल्यात दोन्ही एकत्र पडतात.

आपल्या भाषेत सांगायचं तर मुख्य टेबल उत्पादकाच्या कोडवर बांधलंय आणि आपल्याला ग्राहकाच्या प्रकारावर क्वेरी मारायचीय, पण तो कॉलमच टेबलमध्ये नाही. डेटाबेस चालू आहे, सगळं जग त्यावर अवलंबून आहे, स्कीमा बदलता येत नाही. मग आपण काय करतो? बाजूला एक व्ह्यू बनवतो.

नेमकं हेच फ्रेंचांनी केलं आणि त्याला नाव दिलं उपग्रह-खातं, म्हणजे सॅटेलाइट अकाउंट. मुख्य हिशेब हा ग्रह, त्याला हात लावायचा नाही. त्याच्याभोवती एक छोटं खातं फिरत ठेवायचं, जे त्याच्याच व्याख्या आणि त्याच्याच बेरजा वापरतं, पण आपल्याला हवी ती गोष्ट वेगळी काढून दाखवतं. 1983 मध्ये जागतिक पर्यटन संघटनेची महासभा भरली ती चक्क नवी दिल्लीत. पर्यटन राष्ट्रीय हिशेबाच्या चौकटीत कसं बसवता येईल यावरचा अहवाल तिथेच मांडला गेला. 1991 च्या ओटावा परिषदेत कॅनडाने पर्यटनाच्या उपग्रह-खात्याचा आराखडा मांडला आणि 1994 मध्ये आकड्यांसकट पहिलं खातं प्रसिद्ध केलं. मग 1999 ची नीसची परिषद, 2000 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाची मान्यता आणि 2001 मध्ये छापील नियमावली. दहा तक्ते. एका टपरीवरच्या पोह्यांचा हिशेब लागायला इतकी वर्षं!

आता हे खातं चालतं कसं ते बघू. पहिला प्रश्न, पर्यटक कोण? नियम असा, की माणूस आपल्या नेहमीच्या वावराच्या परिसराबाहेर जातो, एक वर्षाच्या आत परततो आणि जिथे गेला तिथल्या मालकाकडे नोकरी करायला गेलेला नसतो. बस्स. मौजमजा केलीच पाहिजे अशी अट नाही. म्हणजे नवरात्रात केळापूरच्या जगदंबेच्या दर्शनाला दुरून, अगदी तेलंगणातून येणारे भाविक पर्यटक. मुंबईहून यवतमाळला लग्नाला आलेला मामा पर्यटक. नागपूरला ऑपरेशनसाठी नेलेले आजोबा, तेही पर्यटक. आणि तुम्ही, कंपनीच्या खर्चाने तीन महिने ऑनसाइट जाऊन क्लायंटच्या ऑफिसात डोकं फोडून घेणारे, तुम्हीसुद्धा पर्यटकच! पगार भारतातून येतोय ना? मग झालं. उलट परजिल्ह्यात मजुरी करायला, कापूस वेचायला जाणाऱ्या बाया पर्यटक नाहीत, कारण त्या तिथल्या मालकाकडे कामाला जातात.

टिपेश्वरच्या एका वाघाची इथे आठवण होते. 2019 च्या जूनमध्ये तो अभयारण्यातून निघाला आणि महाराष्ट्र-तेलंगणाची शेतं-जंगलं तुडवत वर्षाअखेर बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. रेडिओ कॉलरच्या हिशेबाने एकूण चाल भरली सुमारे 3000 किलोमीटर. नेहमीच्या परिसराबाहेर? होय. पण परत आलाच नाही, म्हणजे नियमाप्रमाणे हा पर्यटक नव्हे, स्थलांतरित. आपल्यासारखाच, नोकरी-छोकरीच्या शोधात घर सोडलेला :)

दुसरी पायरी म्हणजे खर्च. त्यासाठी घरोघरी जाऊन विचारावं लागतं, कुठे गेलात, किती रात्री राहिलात, कशावर किती खर्च केलात. आपल्याकडे नॅशनल सॅम्पल सर्व्हेने 2008-09 मध्ये आणि पुन्हा 2014-15 मध्ये देशांतर्गत प्रवासाची अशी पाहणी केली. त्यातून दिसलं की मुक्कामी प्रवासांतले बहुसंख्य प्रवास नातेवाईकांकडे आणि लग्नकार्यांसाठीचे असतात. जाहिरातीतलं पर्यटन वेगळं आणि खरंखुरं भारतीय पर्यटन वेगळं. ते एसटीने येतं आणि आत्याकडे उतरतं.

तिसरी पायरी म्हणजे गुणोत्तर. समजा टपरीचा गल्ला 100 रुपये, त्यात पर्यटकांचे 30. पण पोहे, तेल, गॅस यात 60 गेले, म्हणजे टपरीने स्वतः घातलेली भर 40. तिच्या 30 टक्के, म्हणजे 12 रुपये, हे पर्यटनाचं थेट योगदान. पर्यटकाने दिले 30, जीडीपीत थेट मोजले 12. उरलेले 18 पोहेवाल्या, तेलवाल्या, गॅसवाल्यांकडे गेले. त्यांची भर अप्रत्यक्ष योगदानात येते. वर्तमानपत्रात पर्यटनाचे दोन-तीन वेगवेगळे टक्के दिसतात ते यामुळे. कुणी थेट सांगतं, कुणी अप्रत्यक्ष धरून, आणि कुणी तर टपरीवाल्याने त्या कमाईतून घेतलेला मोबाइलही त्यात घालतं. आकडा ऐकला की आधी विचारावं, कुठला?

भारताचं पहिलं खातं 2002-03 या वर्षासाठी झालं, 2006 मध्ये प्रसिद्ध झालं. बनवलं एनसीएईआर या संस्थेने, पर्यटन मंत्रालयासाठी. थेट वाटा निघाला जीडीपीच्या 2.78 टक्के, अप्रत्यक्ष धरून 5.83 टक्के. 2009-10 च्या दुसऱ्या खात्यात तेच आकडे 3.68 आणि 6.77 झाले आणि रोजगारातला वाटा अप्रत्यक्ष धरून 10.17 टक्के. तिसरं खातं 2015-16 चं. मग कोविड आला आणि 2020-21 मध्ये अप्रत्यक्ष धरूनही वाटा दीड टक्क्याच्या आसपास आपटला. गेटं बंद, लॉज बंद, टपऱ्या बंद.

एवढं सगळं मी आतेभावाला फोनवर अर्धा तास ऐकवलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरं. मंग जिप्सी घेऊ का नको?"

हाच तर घोळ आहे. खातं देशाचं, फार तर राज्याचं. तालुक्यापर्यंत ते उतरत नाही. अर्थखात्याकडे पर्यटनासाठी पैसा मागायला ते उत्तम, पण पांढरकवड्याच्या माणसाने कर्ज काढायचं की नाही, हे त्यातून कळत नाही.

आणि दुसरा घोळ याहून मोठा. 148 चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य 1997 मध्ये जाहीर झालं. पण वाघाला हद्द कळत नाही. पांढरकवडा वनविभागात, अभयारण्याच्या बाहेर, 2016 ते 2018 या काळातल्या 13 माणसांच्या मृत्यूंचा ठपका टी-1 वाघिणीवर, म्हणजे अवनीवर ठेवला गेला. 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री तिला गोळी घातली. मागे दोन बछडे राहिले. टीव्हीवर देशभर वाद पेटला, कोर्टकचेऱ्या झाल्या. पण ती दोन वर्षं ज्यांनी काढली त्यांचं काय? आत्याच्या गावात बाया सरपणाला एकट्या जाईनात. मजूर चारच्या आत घरी परतायचे. फुफाजींनी रात्रीची जागल सोडली आणि रानडुकरांनी शेत लोळवलं.

हे हिशेबात कुठे दिसतं? सफारीचं तिकीट दिसतं, गाईडची कमाई दिसते, लॉजची खोली दिसते. डुकरांनी खाल्लेलं पीक कुठेच वजा होऊन लिहिलं जात नाही, ते फक्त उत्पन्नात आलेलं नसतं. जागल हे बिनपगारी काम, ते शून्य. शेतकऱ्याने कुंपणाला तार घेतली तर उलट तारवाल्याची विक्री वाढली म्हणून जीडीपी वरच जातो. म्हणजे भीतीसुद्धा हिशेबात आली तर अधिक चिन्ह लावूनच येते.

हे फक्त माझं रडगाणं नाही. हिशेब करणाऱ्यांनाही ते जाणवलंय. निसर्गाचा हिशेब मांडायची चौकट संयुक्त राष्ट्रांनी 2012 मध्ये स्वीकारली. आणि 2024 मध्ये सांख्यिकी आयोगाने पर्यटनाच्या शाश्वततेचं मोजमाप करायची नवी चौकट मान्य केली. तिच्यात पैशाच्या जोडीला निसर्ग आणि स्थानिक माणसं यांचेही रकाने आहेत आणि देशाच्या खाली, प्रदेशाच्या आणि गावाच्या पातळीवर मोजायची सोयही. मान्यता ते अंमल या प्रवासाला किती वर्षं लागतात ते वर पाहिलंच. पण इथे मला आशा आहे. व्ह्यू एकदा बनवता आला तर दुसराही बनवता येतो.

तोवर आम्ही दोघांनी घरगुती उपाय काढलाय. गेल्या महिन्यात पुन्हा गेलो तेव्हा एक लांब वही आणली. आतेभाऊ सध्या ओळखीच्या एकाच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून जातो. जिप्सी लगेच घ्यायची नाही, आधी एक हंगाम मोजायचं असं ठरलं. येणाऱ्या प्रत्येक गाडीला चार प्रश्न: कुठून आलात, का आलात, किती रात्री राहणार, कशावर किती खर्च केला. पावसाळ्यात गेट बंद असतं तेव्हा शून्य लिहायचं, पण लिहायचंच, कारण हप्ता त्या महिन्यांतही असतो. आणि वहीच्या मागच्या बाजूने, उलटीकडून, दुसरं खातं: किती रात्री जागल केली, किती तास कापूस गेला, तारेला किती लागले, कोण कधी शेतात जायला घाबरलं.

मी तक्ते आखत होतो तेव्हा आत्या चहा घेऊन आली. म्हणाली, "नवरात्रात देवीच्या यात्रेले नऊ पाव्हणे होते घरी. त्यायचा सैपाक कोन्या पानावर लिहितं?"

मी म्हटलं, आत्या, किराणा दुकानातून आणलेली साखर जीडीपीत येते, तुझा सैपाक येत नाही.

"मंग तुह्या त्या जीडीपीले सांग, आता चहा बी विकतचाच पे," असं म्हणून ती कप उचलून आत गेली. अर्धा तास विनवण्या केल्या तेव्हा परत मिळाला. वहीत तिसरं खातं उघडलंय.

असो. हंगाम संपला की आकडे सांगतो.