खो मिळेपर्यंत बसलेले खेळाडू

'पोट्टं संघात आहे, त्याच्या व्यायामाची काळजी आपण कशाला करायची?' वाशिम जिल्ह्यात कारंजा तालुक्यातल्या धनजपासून पुण्याच्या क्रीडासंकुलापर्यंत हे मत इतकं रुळलंय, की ते तपासून पाहावं असं कुणाला वाटतही नाही. हल्लीची मुलं हलत नाहीत, अशी तक्रार मास्तर, डॉक्टर, आजोबा सगळेच करतात. संघातल्या मुलांना मात्र त्यातून सूट असते. ही सूट त्यांनी कमावलेली नाही, असं माझं म्हणणं आहे.

पूर्वपक्ष आधी नीट मांडतो. खेळाडू मुलगा रोज दीड तास मैदानावर असतो, घामाघूम होऊन परततो. दिवसभराची हालचाल तिथेच झाली. त्यातून तो खेड्यातला, म्हणजे मुळातच काटक. मग उरलेल्या वेळात त्याने पडून राहावं, त्यातच त्याच्या खेळाचं हित.

आता तो दीड तास जवळून पाहू, तोही आपल्या खो-खोच्या मैदानावर. आठ जण मध्यपाटीवर उकिडवे बसलेत, नववा पाठलाग करतोय. समोरच्या संघाचे तिघे आत, बाकीचे सहा बाहेर आपल्या तुकडीची वाट पाहत बसलेले. अठरा जणांत एका वेळी पळणारे चार! खो मिळालेला गडी विजेसारखा उठतो आणि खेळाची सगळी शोभा त्या उठण्यातच आहे, हे कबूल. पण पुढचा खो दिला की तो पुन्हा बसला. कबड्डीतली चढाई तीस सेकंदांची आणि बाद झालेला गडी बाहेर. क्रिकेटविषयी न बोललेलंच बरं. सरावात यावर भर पडते ती रांगेची: शिट्टी वाजेपर्यंत कमरेवर हात ठेवून उभी असलेली पंचवीस पोरं कुठल्याही शाळेच्या मैदानावर संध्याकाळी दिसतील.

हे मोजूनही झालंय. अमेरिकेतल्या सॅन डिएगो भागात 7 ते 14 वर्षांच्या 200 खेळाडू मुलामुलींना सरावाच्या वेळी गतिमापक यंत्रं बांधली गेली. तो अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला. एका सरावात दम लागेल अशी हालचाल भरली सरासरी 45 मिनिटं. जागतिक आरोग्य संघटना या वयाला दिवसाला सरासरी 60 मिनिटं सांगते. सरावातच तेवढी मजल गाठणारी मुलं जेमतेम चौथा हिस्सा निघाली. 11 ते 14 वयोगटात तर दहा टक्क्यांहूनही कमी.

यावर कुणी म्हणेल, उरलेली पंधरा मिनिटं काय, इकडेतिकडे होऊन जातात. होतील, पण दिवसात ती शिल्लक असायला हवीत. सराव तरी बारमाही कुठे असतो? तालुक्याच्या शालेय स्पर्धा आटोपल्या की संघ पांगतो, पुढे परीक्षा, आणि मग वाशिमचा उन्हाळा.

'आमची पोट्टी अमेरिकेतली नाहीत, वावरात राबणारी आहेत,' हा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी मी तो मान्यही केला असता. आज धनजसारख्या गावात मुलगा वावरात जातो तो मोटारसायकलवर. फवारणीचा पंप बॅटरीवर चालतो, निंदणाचं बरंच काम तणनाशकाने घेतलं, सोयाबीन मळणीयंत्रातून निघतं. कापूस वेचतात त्या बहुतेक बाया. खेडं ते खेडंच राहिलं, त्यातल्या मुलाचा दिवस मात्र बसका झाला. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं बघा: पहाटे 1600 मीटरचा घाम, मग रात्रीपर्यंत अभ्यासिकेतली खुर्ची. गाव त्यांना धावपटू समजतं.

आता विश्रांती. झोप हवीच, आठवड्यात सरावाला एक दिवस सुट्टी हवी, आणि दुखावलेल्या मुलाला तर पूर्ण थांबवलंच पाहिजे. पण सहा तास बाक, मग शिकवणी, मग मोबाइल, याला विश्रांती म्हणता येत नाही. थकलेले पाय सावकाश चालण्याने किंवा सायकलीने बिघडत नाहीत.

अविनाश साबळेचं उदाहरण इथे हटकून निघतं. बीडच्या आष्टी तालुक्यातला मांडव्याचा हा मुलगा शाळेला सहा किलोमीटर पायी किंवा पळत जायचा. शर्यतींकडे वळला तो लष्करात गेल्यावर, 2015 साली, आणि 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने स्टीपलचेसचं रौप्य आणलं. यावरून 'हालअपेष्टांतून खेळाडू घडतो' असं भाषण ठोकणाऱ्यांचा मला कंटाळा आहे. तसंच चालत शाळेत गेलेली हजारो मुलं पुढे धावपटू झाली नाहीत, आणि शाळेला वाहन नसणं ही गैरसोयच आहे. मी एवढंच घेतो, की शर्यतीचा पहिला सराव सुरू होण्याआधी ते शरीर वर्षानुवर्षं रोज हलत होतं.

मग सरावाचे तास वाढवावेत का? नाही. शिकागोच्या डॉक्टरांनी सुमारे 1,200 तरुण खेळाडूंची पाहणी केली, ती 2015 मध्ये छापून आली. ज्यांच्या आठवड्याच्या सरावाचे तास वयाच्या आकड्याहून जास्त, किंवा मोकळ्या खेळाच्या दुपटीहून जास्त, त्यांच्यात अतिवापराच्या गंभीर दुखापती अधिक आढळल्या. उणीव आहे ती मोकळ्या खेळाची, चालण्याची, घरकामाची.

घरकाम म्हटलं की आणखी एक गोष्ट दिसते. कबड्डीच्या संघातला भाऊ सरावाहून आला की पलंगावर पसरतो आणि पाण्याचा ग्लास बहिणीकडे मागतो. तीही शाळेच्या खो-खो संघात असते. ती आल्याआल्या झाडू हातात घेते, पाणी भरते. तिला विश्रांतीची गरज आहे असं कुणी म्हणत नाही, आणि दहावीनंतर तिचा खेळच सुटतो. तिची कामं निम्मी त्याच्याकडे गेली, तर दोघांच्याही खेळाचं भलं होईल.

क्रीडाशिक्षकांनी रांगा मोडाव्यात, बाहेर बसलेल्या सहांना दोरीवरच्या उड्या द्याव्यात. याला खर्च नाही. आणि धनजच्या पालकांना विनंती, की उद्यापासून मुलाला मैदानावर मोटारसायकलवरून सोडू नका.