रायफलचा चाप : समजून घेताना आणि निवडताना



१ ऑगस्ट २०२४ ची संध्याकाळ आठवतेय ना? इकडे बॉटनी डाउन्सला आपली जेवणाची वेळ, आणि तिकडे फ्रान्समध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे ५० मीटर थ्री पोझिशनची अंतिम फेरी खेळत होता. ४५१.४ गुण, कांस्यपदक! १९५२ च्या हेलसिंकीतल्या खाशाबा जाधवांनंतर महाराष्ट्राच्या वाट्याला आलेलं हे दुसरं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यानंतर आपल्याकडच्या बऱ्याच मुलांना नेमबाजीचं वेड लागलं. दुसरीकडे काही मंडळी इथल्या मित्रांबरोबर ससे, हरणं मारायला जाऊ लागली आहेत. दोन्ही गटांकडून आम्हाला एकच प्रश्न येतो : "रायफल घ्यायची तर ट्रिगर कसला बघायचा?" म्हणून हा लेख.

आधी शब्दाचं बघू. आपण सर्रास "घोडा दाबला" म्हणतो, पण घोडा म्हणजे खरं तर मागून आपटणारा भाग. बोटाने ओढायचा तो चाप. बोलण्याला चाप लावतात तोच शब्द. इथे मात्र चाप सोडवणारा आहे, अडवणारा नव्हे. अडवणारा भाग आत असतो, त्याला सिअर म्हणतात. बोल्ट बंद केला की फायरिंग पिन ताणलेल्या स्प्रिंगसह मागे अडकून राहते. तिला अडवून धरते ती सिअरची बारीकशी कड. चाप ओढला की ही कड सरकते, पिन सुटते आणि काडतुसाच्या बुडावर आपटते. या सगळ्याला काही मिलिसेकंद लागतात. तेवढ्यातही नळी हलू शकते, म्हणून नेमबाज चापाबद्दल इतके चोखंदळ असतात.

चाप दोन तऱ्हेचे. एकटप्पी चापात बोट ठेवलं की लगेच भिंत लागते. जोर वाढवत न्यायचा, आणि काच तुटावी तसा तो सुटायला हवा. दोनटप्पी चापात आधी थोडा मोकळा, हलका प्रवास, मग भिंत, आणि तिथून पुढे थोडासा जोर. स्पर्धेच्या रायफलींवर बहुधा दोनटप्पीच दिसतो. पहिला टप्पा घेऊन भिंतीशी थांबायचं, श्वास स्थिर करायचा, चित्र जुळलं तर सोडायचं, नाही तर बोट काढून पुन्हा सुरुवात. आमच्या मते नवशिक्याला हाच बरा, कारण आपण कुठवर आलो ते बोटाला कळतं.

भिंतीनंतरही चाप घसरत, खरखरत सरकत राहिला तर त्याला क्रीप म्हणतात. सुटल्यानंतर तो मागे जास्त गेला तर ओव्हरट्रॅव्हल. विकत घेताना वजनापेक्षा या दोन गोष्टी आधी बघा. दीड किलोचा स्वच्छ सुटणारा चाप हा एक किलोच्या खरखरीत चापापेक्षा कितीतरी चांगला.

आता वजन, म्हणजे चाप सुटायला लागणारा जोर. आंतरराष्ट्रीय नियमांत १० मीटर एअर रायफल आणि ५० मीटर रायफलला किमान वजनाची अटच नाही. त्यामुळे तिथे शंभर ग्रॅमच्या आसपासचे चाप सर्रास दिसतात. म्हणजे साधारण एका लिंबाचं वजन! ३०० मीटर स्टँडर्ड रायफलला मात्र किमान १५०० ग्रॅम लागतात, एअर पिस्तूलला ५०० आणि २५ मीटर पिस्तूलला १०००. अंजली भागवत (सिडनी २००० च्या अंतिम फेरीत), तेजस्विनी सावंत (२०१० ची विश्वविजेती), रुद्रांक्ष पाटील (२०२२ चा विश्वविजेता) हे सगळे हलक्या चापाच्या प्रकारांतले. पण त्या खेळात नळी कायम लक्ष्याच्या दिशेने असते, गोळी एकेक करून भरतात आणि रेंज ऑफिसरचं लक्ष असतं. डोंगरात, थंडीने बधिर झालेल्या बोटांनी, हातमोजे घालून, धापा टाकत असताना लिंबाएवढा चाप म्हणजे संकटाला आमंत्रण. शिकारीच्या रायफलला एक ते दीड किलो पुरे. सुरुवात करणाऱ्याने दीडच्या खाली जाऊ नये असं आम्हाला वाटतं.

हे नुसतं पुस्तकी नाही. आमच्यापैकी एकाने जुनी रायफल घेतली होती. आधीच्या कुणीतरी चाप "मस्त हलका" करून ठेवला होता. रेंजवर बोल्ट बंद करताच, बोट लांब असताना, ती उडाली! नळी मातीच्या बांधाकडे होती म्हणून कुणाला काही झालं नाही. सिअरची पकड इतकी कमी केली होती की बोल्टच्या धक्क्यानेच ती सुटली. कारखान्याकडूनही चूक होऊ शकते : २०१४ साली रेमिंग्टनने मे २००६ ते एप्रिल २०१४ मधले एक्स-मार्क प्रो चाप परत मागवले, कारण जोडणीतला चिकट पदार्थ जास्त झाल्याने काही रायफली चाप न ओढता उडू शकत होत्या. जुनी रायफल घेणार असाल तर हे आठवणीत ठेवा.

म्हणून घेण्यापूर्वी दुकानदाराच्या परवानगीने एवढं करा. रायफल रिकामी आहे हे डोळ्याने आणि बोटाने तपासा. सुरक्षित दिशेला धरून बोल्ट जोरात बंद करा; पिन सुटता कामा नये. सेफ्टी काढून दस्ता गालिच्यावर हलकेच आपटा. तरीही सुटता कामा नये. सेफ्टी लावून चाप ओढा, सोडा, मग चापाला हात न लावता सेफ्टी काढा. इथे पिन सुटली तर ती रायफल तिथेच ठेवून घरी या. पॉइंट टू टू रायफलचा चाप मात्र रिकाम्या चेंबरवर वारंवार सोडू नका, बऱ्याच बनावटींत पिन आणि चेंबरची कड खराब होते. वजन मोजायला छोटा स्प्रिंग काटा मिळतो. तीन-चारदा मोजा, आकडे फार वरखाली होत असतील तर चाप गनस्मिथला दाखवा.

स्क्रू फिरवून हलका करायच्या चापांना हात घालायचा तर कंपनीच्या पुस्तिकेतल्या मर्यादेतच. सिअर घासणं हे गनस्मिथचं काम, यूट्यूबचं नाही. वेगळा चाप बसवायचा तर नामांकित बनावटीचा, आपल्याच मॉडेलसाठी असलेला घ्या, आणि बसवल्यावर वरच्या सगळ्या चाचण्या पुन्हा करा.

परवान्याचं थोडक्यात : न्यूझीलंडमध्ये रायफल घ्यायला फायरआर्म्स लायसन्स लागतं आणि जून २०२३ पासून शस्त्रांची नोंदणीही सुरू झाली आहे. सोळा वर्षांखालचं मूल परवानाधारकाच्या थेट देखरेखीखाली नेमबाजी करू शकतं. इथले सुरक्षेचे सात नियम मुलांकडून पाठ करून घ्या. पहिला, प्रत्येक शस्त्र भरलेलं आहे असंच समजा. सातांत चापाचं नाव नसलं तरी निशाणा घेईपर्यंत बोट चापाच्या कड्याबाहेर ठेवायला आपल्या पोरांना पहिल्याच दिवशी शिकवा.

मुलांसाठी मात्र लगेच खरेदीला धावू नका. बहुतेक स्मॉलबोअर क्लबांकडे नवशिक्यांसाठी रायफली असतात. पहिले काही महिने त्यांच्यावरच जाऊ द्या, आणि दर वेळी त्या रायफलचा चाप किती ग्रॅमचा आहे ते विचारून वहीत लिहून ठेवा. स्वतःची घ्यायची वेळ येईल तेव्हा दुकानदाराला काय सांगायचं ते त्या वहीत असेल.