एका तळ्याचे दप्तर

नागरिकशास्त्र आम्ही शाळेत शिकलो असे म्हणण्यापेक्षा ते आमच्या अंगावरून गेले, असे म्हणणे अधिक खरे होईल. इतिहासाच्या शेपटाला बांधलेला तो विषय परीक्षेच्या आदल्या आठवड्यात उरकला जाई. राष्ट्रपतीचे वय निदान किती असावे हे आम्हांला पाठ होते. पण ग्रामपंचायतीत जाऊन ठरावाची नक्कल मागता येते, हे कोणी सांगितले नाही. ते आम्ही पुढे युनियनच्या कामात शिकलो; पाळी संपल्यावर स्टँडिंग ऑर्डर्सचे पुस्तक ओळीवर बोट ठेवून वाचता वाचता शिकलो.

त्यामुळे या विषयाला साधने नाहीत, मुलांना दाखवावे तरी काय, असे शिक्षक म्हणू लागले की आम्हांला नवल वाटते. आपला जिल्हा 1981 पर्यंत कुलाबा म्हणून ओळखला जाई, आता तो रायगड झाला. या जिल्ह्यात नागरिकशास्त्र तळ्याच्या पायऱ्यांवर आणि खारपाटाच्या बांधांवर घडलेले आहे.

महाडचेच उदाहरण घेऊ. चवदार तळ्याचा सत्याग्रह सर्वांना ठाऊक आहे, पण त्याच्या मागेपुढे असलेले कागदांचे दप्तर फार थोड्यांना ठाऊक असते. 1923 च्या ऑगस्टमध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदेकौन्सिलात ठराव मांडला, की सरकारी पैशातून बांधलेली व राखलेली पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. (हे बोले कामगार हितवर्धक सभेतले. गिरणीकामगारांत वावरलेल्या माणसाने हा ठराव आणावा, याचा आम्हांला थोडा अभिमान वाटतो, तो श्रोत्यांनी पदरात घ्यावा.) ठराव मंजूर झाला. 1924 च्या जानेवारीत महाड नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचा ठराव केला.

कागदावर तळे खुले झाले. पाण्याला मात्र कोणाचा हात लागला नाही. तीन वर्षे तो ठराव दप्तरात निजून राहिला. मग 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेच्या लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. परिषदेच्या लोकांवर हल्ले झाले. पुढे तळ्यातून घागरी काढून, शेणगोमूत्र घालून पाणी 'शुद्ध' करण्यात आले. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला.

शिक्षकांनी येथे थांबावे, घाई करू नये. ज्या सभागृहाने हक्क मान्य केला, त्याला तो बहुमताने परत घेता येतो काय? मुळात तो हक्क सभागृहाने दिलेला होता, की आधीचाच होता? या दोन प्रश्नांवर आठवीच्या वर्गात दोन तास सहज जातील, आणि त्यांना पुस्तकात तयार उत्तर नसल्यामुळे मुले खरोखर विचार करतील.

पुढची पायरी याहून अवघड आहे. डिसेंबरात दुसरी परिषद भरायच्या तोंडावर महाडच्या काही सवर्णांनी दिवाणी दावा लावला आणि तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. हजारो माणसे तळ्याकडे निघायच्या तयारीने आलेली. 25 डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्यावर जाण्याचा बेत मात्र, विचारविनिमयानंतर, कोर्टाचा निकाल लागेपर्यंत तहकूब ठेवण्यात आला. संपाच्या तोंडावर मनाईहुकूम हातात पडला म्हणजे पुढाऱ्याच्या पोटात काय कालवते, ते आम्ही दोनदा अनुभवले आहे. त्यामुळे त्या रात्रीच्या चर्चेला आम्ही सत्याग्रहाइतकेच मोल देतो.

दावा चालला नऊ वर्षांहून अधिक. महाडच्या कोर्टातून ठाण्याला, ठाण्याहून हायकोर्टात. 17 मार्च 1937 रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनी निकाल दिला. 1922 साली अहमदाबादेत गांधीजींना शिक्षा सुनावणारे ते हेच. अस्पृश्यांना तळ्यावर न येऊ देण्याची चाल अनादि काळापासूनची आहे, असे वादींचे म्हणणे होते. ती तशी आहे हे त्यांना सिद्ध करता आले नाही, आणि अपील फेटाळले गेले. रूढी म्हणून जी सांगितली जाते तिलाही पुरावा द्यावा लागतो, ही गोष्ट मुलांना वर्गात वादी-प्रतिवादी नेमून दाखवता येईल. बाके सरकवली की कोर्ट तयार होते. खर्च काही नाही.

मग राज्यघटनेचे कलम 15 उघडावे. त्याच्या दुसऱ्या पोटकलमात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि राज्याच्या निधीतून पूर्णतः वा अंशतः राखलेल्या जागा यांची नावे येतात. बोले यांचा 1923 चा ठराव शेजारी ठेवून वाचला, म्हणजे मुलांच्या ध्यानात येईल की हे कलम आकाशातून पडलेले नाही.

समुद्राकडे वळायचे तर अलिबाग तालुक्यातले चरी आहे. 1933 च्या ऑक्टोबरात नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने तेथल्या कुळांनी खोतांची जमीन कसायचे नाकारले. पंचवीस गावांतली शेते पडीक राहिली, लोकांनी लाकूडफाटा विकून दिवस काढले, आणि हा संप 1939 पर्यंत टिकला. आमच्या गिरण्या-कारखान्यांतले संप त्यापुढे लहान वाटतात. त्याच वर्षी मुंबई इलाख्यात कुळकायदा झाला. अलीकडचे हवे असेल तर 21 सप्टेंबर 2008 चा दिवस घ्यावा. त्या दिवशी पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या 22 गावांत सेझसाठी जमीन द्यायची की नाही, यावर शेतकऱ्यांचे मत शासनाने मतपत्रिकेने अजमावले. त्या दिवशी मत देणारी माणसे आजही त्या गावांत भेटतात. त्यांना वर्गात बोलवावे; चहाखेरीज ती काही मागणार नाहीत.

मध्यंतरी एका शाळेच्या मुलांना घेऊन आम्ही चवदार तळ्यावर गेलो होतो. पायऱ्यांवर बसून वर सांगितले ते सारे सांगितले. मुलांनी पुतळ्यासमोर फोटो काढले. बस निघताना सातवीतली एक मुलगी खिडकीशी येऊन विचारू लागली, "काका, ठराव रद्द करायला कोणी कोणी हात वर केले, ते लिहिलेलं असतं का?" आम्ही म्हटले, इतिवृत्तात असायला हवे. तर म्हणाली, "मग ते बघायला अर्ज कोणाच्या नावे करायचा?" बस दहा मिनिटे थांबवून आम्ही तिला मसुदा सांगितला, आणि तिने तो भूगोलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर उतरून घेतला.