खिडकीवरचे दव आणि बुजवलेली धुराडी

इंग्लंडमधल्या जुन्या घरांत हिवाळ्यात हे दृश्य नेहमीचे. सकाळी झोपायच्या खोलीतली खिडकीची काच आतून पाण्याने डबडबलेली असते. ओघळ लाकडी चौकटीत साचतात आणि काही आठवड्यांत कोपऱ्यात काळी बुरशी धरते. बाहेर पाऊस नाही, काचेला तडा नाही. मग हे पाणी आले कुठून?

उत्तराची सुरुवात १७५१ सालापर्यंत मागे नेता येते. माँपेलिए येथील फ्रेंच वैद्य शार्ल ल रॉय याने पेल्यातले पाणी बर्फ टाकून हळूहळू गार करत नेले आणि पेल्याच्या बाहेरच्या अंगावर पहिला ओलावा दिसताच पाण्याचे तापमान टिपले. यालाच आपण आज दवबिंदू म्हणतो. स्टीलचा पेला, बर्फ आणि तापमापक एवढ्यावर हा प्रयोग वर्गात होतो. जुलैत आणि मार्चमध्ये करून आकडे शेजारी शेजारी लिहावेत. पाणी हवेत मिठासारखे विरघळते, ही ल रॉयची कल्पना मात्र पुढे डाल्टनने मोडीत काढली.

लंडनमधला डॉक्टर विल्यम चार्ल्स वेल्स याची चिकाटी तर विलक्षण. १० ग्रेन लोकरीचे पुंजके तो रात्री उघड्यावर ठेवी आणि नंतर तोलून पाही. एकदा आधारांवर उचलून ठेवलेल्या फळीच्या वरचा पुंजका १४ ग्रेनने जड झाला, खालचा फक्त ४ ग्रेनने. वरच्या पुंजक्यासमोर मोकळे आकाश होते. आपली उष्णता आकाशाकडे टाकून तो जास्त गार झाला होता. दवामुळे गारवा येतो असे मानणाऱ्यांना वेल्सने १८१४ च्या आपल्या निबंधात दाखवून दिले की वस्तू आधी गार होते, दव मागून येते.

आता खोलीचा हिशोब मांडू. झोपलेला माणूस श्वासातून व त्वचेतून तासाला सुमारे ४० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. दोन माणसे, आठ तास: ६४० ग्रॅम. खोली ३० घनमीटरची आणि तापमान २० अंश सेल्सिअस धरले, तर तिथली हवा वाफेच्या रूपात जास्तीत जास्त ५२० ग्रॅमच्या आसपास पाणी सामावू शकते. ५ अंशांना जेमतेम २०० ग्रॅम. खोली बंद असेल तर पाणी कुठेतरी उतरणारच, आणि एकेरी काच ही खोलीतली सर्वांत गार जागा. जाड पडदा ओढला की खोलीची ऊब काचेपर्यंत पोचत नाही, ती आणखी गार होते.

मग एकोणिसाव्या शतकातल्या घरांचे कसे चालले? तिथे झोपायच्या खोलीतही बहुधा कोळशाची शेगडी असे. तिचे धुराडे विस्तव नसतानाही खोलीतली दमट हवा वर ओढून घेई, आणि दाराखिडक्यांच्या फटींतून बाहेरची कोरडी हवा आत येई. रहिवाशांना ही हवा बोचे, पण घर कोरडे राही.

डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस दाट धुरके बसले, हजारो माणसे दगावली. १९५६ च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर कोळसा हटत गेला. ते योग्यच झाले. पण त्याचबरोबर शेगड्यांची तोंडे फळ्या ठोकून बंद झाली, आणि १९७३ च्या तेलटंचाईनंतर ऊब वाचवण्यासाठी फटीही बुजल्या. अनेक घरांत रॉकेलचे हीटर आले. एक लिटर रॉकेल जाळले की साधारण एक लिटर पाणी तयार होते, आणि धुराडे नसलेल्या हीटरचे सगळे पाणी खोलीतच राहते! १९७५ साली घरांतल्या या ओलीबद्दल ब्रिटिश मानक निघाले.

तरीही दोष राहणाऱ्यांच्या सवयींवर ढकलण्याची रीत टिकली. कपडे आत वाळवू नका, भांड्यावर झाकण ठेवा. सल्ला चुकीचा नाही, पण हवा बाहेर जायला वाटच नसेल तर तो अपुरा आहे. २०२० मध्ये रॉचडेल येथे भाड्याच्या सदनिकेत दोन वर्षांचे मूल दगावले. दीर्घकाळ बुरशीच्या संपर्कात राहिल्याने झालेला श्वसनविकार हे मृत्यूचे कारण असल्याचा निष्कर्ष २०२२ च्या अधिकृत चौकशीत निघाला. ओलीच्या तक्रारींवर ठराविक मुदतीत हालचाल करण्याचे बंधन इंग्लंडमधल्या सामाजिक गृहसंस्थांवर ऑक्टोबर २०२५ मध्ये आले.

दुहेरी काच बसवली की आतली बाजू उबदार राहते. पण खोलीतली वाफ कमी केली नाही तर पाणी कपाटामागच्या गार भिंतीवर उतरते, आणि ते लवकर कुणाच्या नजरेस पडत नाही. चांगल्या दुहेरी काचेवर निरभ्र रात्रीनंतर कधी कधी बाहेरून दव दिसते. घरातली ऊब बाहेरच्या काचेपर्यंत पोचत नाही आणि ती काच वेल्सच्या लोकरीसारखी उघड्या आकाशासमोर गार होते. ऊन वर आले की ते आपोआप सुकते.