‘मृतप्रजा’ ते ‘पिशवीला टाका’ : सातारा-सांगली परिसराच्या संदर्भात वारंवार गर्भनाशाच्या प्रश्नाचा इतिहास

प्रस्तावना :

सातारा व सांगली या जिल्ह्यांच्या राजकीय इतिहासावर मराठीत विपुल लेखन झाले आहे. छत्रपतींची गादी, पटवर्धनांची संस्थाने, प्रतिसरकारचा लढा, सहकारी चळवळ हे विषय अभ्यासकांच्या परिचयाचे आहेत. त्या मानाने घराच्या माजघरात घडणारा, परंतु ज्याचे परिणाम गादीपर्यंत आणि पुढे न्यायालयापर्यंत पोहोचले असा एक प्रश्न दुर्लक्षित राहिला आहे. दिवस जाऊनही मूल हाती न लागणे, हा तो प्रश्न होय. गर्भाशयाच्या रचनेतील जन्मजात दोष किंवा गर्भाशयमुखाचा दुबळेपणा हे त्याचे एक कारण असू शकते, ही जाणीव आपल्याकडे फार उशिरा आली. तोपर्यंत दोष स्त्रीचा मानला गेला आणि उपाय मात्र पुरुषासाठी शोधला गेला. प्रस्तुत लेखात या उपायांचा आणि त्या जाणिवेचा मागोवा घेतला आहे.

शास्त्र, लोकसमजूत आणि महिन्यांचा हिशेब :

मनुस्मृतीने वंध्या स्त्रीला आठव्या वर्षी, जिची मुले जगत नाहीत अशा ‘मृतप्रजा’ स्त्रीला दहाव्या वर्षी आणि केवळ मुलीच होणाऱ्या स्त्रीला अकराव्या वर्षी बाजूस सारून पतीने दुसरी पत्नी करण्यास मोकळीक दिली आहे. या नियमात कारणाची चौकशी नाही, केवळ मुदत आहे. जिचा गर्भ पुन्हा पुन्हा पडतो ती स्त्री यांपैकी कोणत्या वर्गात बसते, हेही त्यात स्पष्ट नाही. व्यवहारात ती या सर्वांच्याच पंक्तीला बसविली गेली.

धर्मशास्त्रकारांना गर्भनाशाचे महिने मात्र चांगले ठाऊक होते. चौथ्या महिन्यापर्यंतचा तो स्राव, पाचव्या-सहाव्या महिन्यातील तो पात आणि त्यानंतरची ती प्रसूती, असा भेद पराशरस्मृतीत आढळतो. जितके महिने तितक्या रात्रींचे अशौच, हा मनूचा नियमही प्रसिद्ध आहे. म्हणजे महिने काटेकोरपणे मोजले जात होते, पण ते सुतकासाठी.

आयुर्वेदाची दृष्टी याहून पुढे गेलेली दिसते. चरकाने वर्णिलेल्या वीस योनिव्यापदांमध्ये ‘सूचीमुखी’ आणि ‘षण्ढी’ या दोन विकृती स्त्री स्वतः आईच्या उदरात असतानाच उत्पन्न होतात असे म्हटले आहे. षण्ढीच्या बाबतीत तर बीजदोषामुळे गर्भाशयच बिघडतो, असे कारण दिले आहे. ‘पुत्रघ्नी’ या विकृतीत राहिलेला गर्भ वारंवार नष्ट होतो. जन्मजात रचनादोषाची कल्पना येथे बीजरूपाने आहे, असे म्हणता येईल. तथापि तिला आधुनिक निदानाचा पूर्वावतार ठरविण्याचा मोह टाळलेला बरा, कारण सूचीमुखी व पुत्रघ्नी यांचा परस्परसंबंध चरकाने जोडलेला नाही. काश्यपसंहितेतील रेवतीकल्पात तर गर्भ हिरावून नेणाऱ्या ‘जातहारिणी’ येतात. कृष्णाकाठच्या गावांतून शेंदूर लावलेल्या सात दगडांच्या रूपाने पुजल्या जाणाऱ्या साती आसरा या त्यांच्याच जातकुळीतल्या. ‘बाहेरचं आहे’ असे म्हणून आसरांची ओटी भरण्याच्या प्रथेने निदान एक गोष्ट केली. तिने दोषाचा काही भार तरी त्या स्त्रीच्या अंगावरून उतरवून पाण्यावर नेऊन ठेवला.

गादी आणि दत्तक :

राजघराण्यांच्या हाती दुसरा मार्ग होता, तो दत्तकाचा. साताऱ्याचे छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांनी ५ एप्रिल १८४८ रोजी मृत्यूपूर्वी काही तास दत्तक घेतला. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क हे दत्तक मान्य करण्याच्या बाजूचे होते, परंतु गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांनी ते नाकारले आणि सातारा संस्थान खालसा झाले. औरस वारस नाही एवढ्यावर एक राज्य बुडाले. याउलट सांगलीचे अधिपती धुंडिराव तात्यासाहेब पटवर्धन १९०१ मध्ये निपुत्रिक वारले, तेव्हा संस्थान टिकले आणि १९०३ मध्ये पटवर्धन कुलातीलच मुलाची निवड होऊन तो चिंतामणराव आप्पासाहेब या नावाने गादीवर आला. पन्नास वर्षांत सरकारचे धोरण बदलले होते. या दोन्ही प्रसंगी वारस का नाही हे कोणी विचारले नाही. राण्यांच्या गर्भारपणाचा इतिहास राजकीय पत्रव्यवहाराच्या कक्षेबाहेरचा होता.

सामान्य शेतकरी घरात गादी नव्हती, जमीन होती. तेथे दत्तकापेक्षा दुसरी बायको हा अधिक सोपा उपाय ठरला. पहिलीने सवतीला ओवाळून घरात घ्यावे, अशी अपेक्षा असे.

दक्षिण सातारा आणि १९५१ चा निकाल :

या उपायाला कायद्याने प्रथम अटकाव केला तो मुंबई प्रांताच्या १९४६ च्या हिंदू द्विभार्याप्रतिबंधक कायद्याने. सांगली, मिरज, जत या संस्थानांचे १९४८ मध्ये विलीनीकरण झाले आणि १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन भाग करण्यात आले. यांपैकी दक्षिण सातारा म्हणजेच १९६० पासूनचा सांगली जिल्हा. या दक्षिण साताऱ्याच्या सत्र न्यायाधीशांनी हा कायदा अवैध ठरविला आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. ‘मुंबई राज्य विरुद्ध नरसू आप्पा माळी’ हा खटला आज कायद्याच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतो तो वैयक्तिक कायदे आणि मूलभूत हक्क यांच्या संबंधाच्या चर्चेमुळे. सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने त्यातील दुसरा भाग अधिक मोलाचा आहे.

मुख्य न्यायमूर्ती म. क. छागला आणि न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या खंडपीठाने १९५१ मध्ये कायदा वैध ठरविला. गजेंद्रगडकरांचा जन्म साताऱ्याचाच, हा योगायोग नोंदविण्यासारखा आहे. पारलौकिक कल्याणासाठी पुत्र हवा हे हिंदू धर्म मानतो, हे छागला यांनी मान्य केले. परंतु तोच धर्म दत्तकही मानतो, म्हणून एकपत्नीत्व राखूनही वंश चालविता येतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. म्हणजे १८४८ मध्ये साताऱ्याची गादी वाचवू न शकलेला दत्तक १९५१ मध्ये दक्षिण साताऱ्यातील पहिल्या पत्नीच्या संरक्षणाचा आधार झाला. मनूने घालून दिलेली मुदत येथे निरर्थक ठरली. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने एकपत्नीत्व देशभर लागू केले आणि मूल न होणे हे घटस्फोटाचे कारणही ठेवले नाही.

गर्भाशयमुखाचा शोध :

कायद्याने स्त्रीचे घरातील स्थान राखले, गर्भ राखण्याचे काम वैद्यकाचे होते. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी सांगलीत सुरू केलेले काम मिरजेस नेले आणि १८९४ मध्ये तेथे रुग्णालय उभे राहिले. मिरज हे रेल्वेचे जंक्शन असल्याने दूरदूरचे रुग्ण तेथे येत. तरीही अडलेल्या बाळंतिणीला तेथे नेणे निराळे आणि तिसऱ्यांदा पोट पडलेल्या सुनेला नेणे निराळे. दुसऱ्या गोष्टीला आजार म्हणण्याची सवयच नव्हती.

या प्रश्नाला निर्णायक वळण दिले ते डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी. १८९९ मध्ये गोव्यातील शिरोडे येथे जन्मलेले शिरोडकर मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक होते. काही स्त्रियांचा गर्भ चौथ्या ते सातव्या महिन्यातच पडतो आणि विश्रांती वा औषधांनी तो थांबत नाही, हे त्यांनी हेरले. वाढत्या गर्भाचा भार गर्भाशयमुखाला पेलत नाही आणि ते कळांशिवाय उघडते, हे त्यांनी ओळखले. मांडीतील स्नायूवरील चिवट आवरणाची पट्टी काढून ती गर्भाशयमुखाभोवती आवळण्याची शस्त्रक्रिया त्यांनी योजिली आणि १९५५ मध्ये मद्रासच्या ‘अँटिसेप्टिक’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. १९५७ मध्ये मेलबर्नच्या मॅक्डोनाल्ड यांनी अधिक सोपा टाका सुचविला, तरी ‘शिरोडकर टाका’ हे नाव जगभर राहिले. खेड्यापाड्यांत त्यालाच ‘पिशवीला टाका’ म्हणतात. हिंदू विवाह कायदा आणि शिरोडकरांचा निबंध एकाच वर्षीचे आहेत. दोहोंनी एकमेकांची दखल घेतलेली नाही.

शिरोडकरांची खरी कर्तबगारी सुईदोऱ्यापेक्षा महिन्यांच्या हिशेबात आहे. पराशराने जे महिने अशौचासाठी मोजले तेच त्यांनी कारण शोधण्यासाठी मोजले.

पडदा आणि दोन शिंगे :

गर्भाशयाच्या जन्मजात दोषांचे कोडे याहून गुंतागुंतीचे ठरले. स्त्रीगर्भात म्युलर नलिका या नावाच्या दोन नळ्या एकत्र येऊन गर्भाशय बनते. त्या पुरत्या जुळल्या नाहीत तर ते दुशिंगी होते, एकच वाढली तर एकशिंगी, आणि जुळल्यावर मधली भिंत विरली नाही तर आत पडदा राहतो. अशा स्त्रीची पाळी बहुधा नियमित असते आणि बाहेरून काहीच कळत नाही. अनेकींचे बाळंतपण सुखरूपही होते. म्हणूनच हे दोष शतकानुशतके दैवाच्या खात्यावर जमा झाले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणानुसार सर्वसाधारण स्त्रियांत यांचे प्रमाण सुमारे ५.५ टक्के, तर गर्भपात झालेल्या स्त्रियांत सुमारे १३.३ टक्के आढळले. पडदा असल्यास गर्भ लवकर पडण्याचा धोका वाढतो, तर दुशिंगी व एकशिंगी गर्भाशयात अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीची भीतीही असते.

आतला आकार दिसू लागला तो क्ष-किरणांमुळे व पुढे सोनोग्राफीमुळे. हेच सोनोग्राफी यंत्र आपल्या भागात मुलगा की मुलगी यासाठी अधिक गाजले आणि त्यासाठी १९९४ मध्ये कायदा करावा लागला, ही खेदाची बाब होय. पडदा दिसला की तो दुर्बिणीने कापावा, असा प्रघात दीर्घकाळ होता. मात्र २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत पडदा कापलेल्या ३९ स्त्रियांपैकी १२ जणींना, तर न कापलेल्या ४० पैकी १४ जणींना जिवंत मूल झाले. चाचणी लहान होती, त्यामुळे वाद मिटलेला नाही. टाक्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. तो कोणाला घालावा हे ठरविताना आता गर्भाशयमुखाची लांबी सोनोग्राफीने मोजली जाते, तरी आधीचा गर्भ कोणत्या महिन्यात गेला हे डॉक्टरांना आजही विचारावेच लागते.